गमरेबाई आणि चौथा पितळी मोर

राधा गमरे या बाईंनी कधी कोणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. परळच्या एका पालिका शाळेत आम्ही पंचवीसेक वर्षं एकत्र होतो, तेव्हा आठवायला वेळ भरपूर मिळाला आहे. एका मुख्याध्यापकांनी भर सभेत त्यांना "तुम्ही काय, पहिलीच्या बाई" असं म्हणून गप्प केलं होतं. ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचं भाषण बाईंनी मागून घेतलं आणि त्यांची सगळी कारकीर्द पहिलीच्या पोराला कळेल अशी सांगितली. "सर आले. सर बसले. सरांनी चहा मागवला. सर उठले. सर गेले." हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. सरही हसले, पण जाताना सत्काराची शाल खुर्चीवर विसरून गेले.

माफ करणाऱ्याला लोक थोर म्हणतात. म्हणोत बापडे. माझा अनुभव असा की, "जाऊ दे, सोडून दे" असं सांगणाऱ्याच्या स्वतःच्या पायावर कधी कोणी पाय दिलेला नसतो. मी शिवा परब, लालबागचा, चित्रकलेचा मास्तर. राग माझ्याही नाकावर असतो, पण माझा राग दुधासारखा. भसकन वर येतो, गॅस बंद केला की खाली बसतो. बाईंचं तसं नव्हतं. त्या डूख धरायच्या, आणि ज्याच्यावर धरला त्याच्याशी इतकं गोड बोलायच्या की त्या माणसाला वाटावं, आपल्यावर बाईंचा विशेष लोभ आहे.

दिसायला ठेंगण्या, सुती साडी, खांद्याला पिशवी, बोटांना कायमचा खडू. आवाज मात्र असा की भर दुपारी रस्त्यावर ढोलताशा वाजत असला तरी शेवटच्या बाकावरच्या पोराला 'बदक' ऐकू जायचं. त्यांची शिकवायची पद्धत ठरलेली होती. आधी बाई म्हणणार. मग सगळा वर्ग मागून म्हणणार. मग एकेकाला उभं करून, "आता एकट्याने." आणि धड्यात जी वस्तू असेल ती वर्गात आलीच पाहिजे. तक्त्यावर काढलेलं चित्र त्यांना पुरायचं नाही, मी काढलेलं असलं तरी. 'फणस' शिकवायला त्यांनी भायखळ्याच्या बाजारातून अख्खा फणस आणला आणि आठवडाभर मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत वास दरवळत राहिला. 'गाय' शिकवायला देवळासमोर गाय घेऊन बसणाऱ्या बाईला गायीसकट शाळेच्या फाटकात उभं केलं. "डोळ्यांनी बघितलं की पोर विसरत नाही, परब," असं त्या म्हणायच्या.

कादंबऱ्यांचा उद्योग आमच्या शिक्षकखोलीत सुरू झाला. मधल्या सुट्टीत काही मंडळी जाडजूड गाजलेल्या कादंबऱ्या उघडून उसासे टाकत बसायची. बाईंनीही त्या सगळ्या वाचलेल्या असायच्या. मग त्या डब्यातली चपाती मोडता मोडता अख्खी कादंबरी पहिलीच्या पुस्तकासारखी सांगायच्या. एका ऐतिहासिक कादंबरीचं त्यांनी असं केलं होतं:

"हा राजा आहे. हा घोडा आहे. राजा घोड्यावर बसला. राजा बोलतो. राजा बोलतो. राजा चाळीस पाने बोलतो. घोडा झोपला. प्रश्न पहिला : लढाई कधी होईल?"

आणि आमच्या तरुणपणी ज्या एका कादंबरीने पोरांना दाढ्या वाढवायला लावल्या होत्या, तिचं असं:

"हा तरुण आहे. तरुण खिडकीत बसला. तरुणाला कंटाळा आला. आई चहा आणते. तरुण चहा पितो. तरुणाला आईचा कंटाळा आला. आई परत चहा आणते. रिकामी जागा भरा : आईला ---- आला नाही."

मी त्यांना तक्ते काढून द्यायला लागलो. झोपलेला घोडा काढला तेव्हा तर शिपाईसुद्धा बघायला आला होता. पुढे कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेलं, आणि निवृत्तीनंतर बाईंना बोलावणी यायला लागली. विहारातले कार्यक्रम, वाचनालयं, महिला मंडळं. लोक पोट धरून हसायचे. मला मात्र पहिल्यापासून एक गोष्ट खटकायची. सगळ्या कादंबऱ्या झाल्या, पण सगळ्यांत गाजलेली एक कादंबरी बाई कधी घेत नसत. ती म्हणजे कमलाकांत धैर्यवान यांची 'पितळी झोपाळा'.

मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "तिची वेळ आली की घेईन." आणि मग मला घरी घेऊन गेल्या, आईला भेटवायला.

बाईंच्या आई जाईबाई. वय ऐंशीच्या घरात. जुनी चाळ पाडून तिथे उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये मायलेकी राहतात. जाईबाईंचे गुडघे गेलेत, दात गेलेत, पण कान असे शाबूत की शेजारच्या फ्लॅटमधल्या कुकरच्या शिट्ट्या मोजून सांगतात, "डाळ कच्ची ऱ्हायली तिची." खालून लिफ्ट निघाली की इथे यांना कळतं. त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो.

तरुणपणी जाईबाई गिरगावात धैर्यवानांकडे धुण्याभांड्याला जायच्या. जुनं पाठारे प्रभूंचं घर. दिवाणखान्यात सागवानी झोपाळा, त्याला चार पितळी साखळ्या, आणि दर साखळीत मधोमध एक पितळेचा मोर. चिंच लावून मोर घासणं हे जाईबाईंचं काम. घरातले तरुण मालक कमलाकांत त्या झोपाळ्यावर बसून लिहायचे, आणि लिहिण्यापेक्षा बघायचेच जास्त. एक दिवस घरातली मंडळी लग्नाला गेलेली असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन आडवे उभे राहिले. जाईबाई म्हणाल्या, "बाजूला व्हा." ते हलले नाहीत. जाईबाईंच्या हातात चिंचेच्या कोळाचं भांडं होतं. तो सगळा कोळ त्यांनी मालकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतला, वाट मोकळी करून घेतली आणि निघून आल्या. पुन्हा त्या घराची पायरी चढल्या नाहीत.

वर्षभरातच 'पितळी झोपाळा' बाजारात आली. तीत जाई नावाची मोलकरीण होती. नाव तेच, हनुवटीवरचा तीळ तोच, राहायला परळच्या चाळीत. ती सुसंस्कृत मालकावर जाळं टाकते. मालक बधत नाही. मग ती मागच्या साखळीतला मोर काढून पदराखाली लपवते आणि पळून जाते. 'तो मोर पुन्हा कधी परतला नाही,' या वाक्यावर प्रकरण संपतं. मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलं की हरवलेला मोर म्हणजे हरवलेला काळ. वा रे वा. काळ हरवला त्यांचा, आणि चोर ठरली आमची जाईबाई.

गिरगाव-दादरच्या घरांतून ती कादंबरी वाचली गेली होती. जाईबाई काम मागायला गेल्या की बायका आधी हनुवटीकडे बघायच्या आणि मग म्हणायच्या, "आत्ताच ठेवली हो दुसरी." चाळीतली पोरं मागून ओरडायची, "मोर दे, मोर दे!" नवरा शामराव गिरणीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काहीच बोलले नाहीत. "'तू न्हाय घेतलास' एवढा तरी बोलायचा होता त्यानं," असं जाईबाई मला म्हणाल्या. शामराव जाऊन किती वर्षं झाली, पण ते न बोललेलं जाईबाई अजून विसरलेल्या नाहीत.

राधा नववीत असताना मराठीच्या बाईंनी उत्तम वर्णनाचा नमुना म्हणून तेच प्रकरण वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. जाईच्या डोळ्यांचं, जाईच्या चालीचं, जाईच्या पदराचं. सगळ्या मुली वळून वळून राधाकडे बघत होत्या. तिने मान खाली घातली नाही. तिने त्या शिक्षिकेच्या तोंडून येणारा प्रत्येक शब्द ऐकला आणि तिथेच ठरवलं की हे फेडायचं. पुढे एक चांगलं स्थळ ठरता ठरता मोडलं, त्यालाही तोच मोर कारण झाला. त्यानंतर तिने लग्नाचा विषय काढू दिला नाही.

गेल्या वर्षी पेपरात बातमी आली. 'पितळी झोपाळा'ला पन्नास वर्षं झाली म्हणून कमलाकांतांचे चिरंजीव यतीन धैर्यवान नवी आवृत्ती काढणार होते, दादरला सोहळा होणार होता. बातमी ऐकून जाईबाई लेकीला म्हणाल्या, "आता तरी माझा नाव काढायला सांग त्यातून. मी काय चोर म्हणून मरायचा काय?"

बाई मला बरोबर घेऊन गिरगावात गेल्या. यतीनराव साठीच्या पुढचे, मोठे आर्किटेक्ट, वागायला सभ्य. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, स्वतः झोपाळ्यावर बसले. बाईंनी नीट सांगितलं. आई जिवंत आहे. ती चोर नव्हती. निदान नाव बदला.

"अहो बाई," यतीनराव झोका घेत म्हणाले, "अभिजात कलाकृतीतलं एक अक्षर बदलता येत नाही. आणि जाई हे मराठी साहित्यातलं अमर पात्र आहे. तुमच्या आईंना उलट अभिमान वाटायला हवा."

"आईला अमर नाही व्हायचं. तिला चोर नाही व्हायचं."

"हे बघा, बाबांनी जे पाहिलं ते लिहिलं," असं म्हणून ते उठले आणि आतून नव्या आवृत्तीची एक प्रत घेऊन आले. "ही आईंना द्या. माझ्याकडून भेट."

माझं टाळकं सणकलं. चोर म्हणून सही-शिक्का मारलेलं पुस्तक त्या म्हातारीला भेट! मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. त्यांनी पुस्तक घेतलं, पिशवीत घातलं, आभार मानले. मग मान वर करून झोपाळ्याच्या साखळ्यांकडे निवांत बघितलं. यतीनरावांनी ना त्यांचं नाव विचारलं होतं, ना आईचं. 'अहो बाई'वरच त्यांचं भागलं होतं.

खाली रस्त्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "परब, चार आहेत."

"काय चार?"

"मोर. चारही जागच्या जागी आहेत. आई आयुष्यभर सांगत आली, मोर तिथंच हायत, जाऊन बघ. बघितले आज."

"मग तिथल्या तिथे तोंडावर का नाय मारलात?" मी उसळलो, आणि रागात माझी मालवणी सुटली. "जन्म गेलो मेल्याचो झोपाळ्यार बसान, वर बघूक काय झाला होता?"

"झोपाळ्यावर बसणारा मोर कशाला बघेल? मोर घासणारीला माहीत असतात." बाई चालत होत्या. "आणि तिथे वर्ग कुठे होता, परब? तुम्ही आणि मी. पोराला एकटं गाठून चूक दाखवली की ते पाटी पुसून टाकतं, आणि मग म्हणतं, मी लिहिलंच नव्हतं."

वर्ग कसा मिळेल, हा प्रश्न होता. तो धैर्यवानांनीच सोडवला. महिन्याभरात बाईंना फोन आला. यतीनरावांची मुलगी अनुजा बोलत होती. झोपलेल्या घोड्याचा व्हिडिओ तिने पाहिला होता.

"गमरे मॅडम, तुमचा तो राजा आणि घोडा, आम्ही सगळे मेलो हसून! प्लीज, आमच्या फंक्शनला 'पितळी झोपाळा' तशी करा ना. नाहीतर नुसती भाषणं होणार हो, लोक बोअर होतील."

"करीन की," बाई साखरेसारख्या आवाजात म्हणाल्या. "फक्त माझी एक पद्धत आहे. धड्यातली वस्तू समोर लागते. झोपाळा स्टेजवर आणाल का?"

"वॉव! मस्त आयडिया. बाबांना सांगते, टेम्पोने आणू."

"आणि माझ्या पहिलीतली थोडी मुलं आणली तर चालतील?"

"सो क्यूट! आणा ना, आणा."

फोन ठेवून बाईंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना इतकं आनंदी मी बघितलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडी भीतीच वाटली. त्या रात्रीपासून मी तक्ते काढायला बसलो.

सोहळ्याच्या संध्याकाळी दादरच्या त्या सभागृहात पुढच्या बाजूला अनुजाने लहान मुलांसाठी रंगीत छोट्या खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर आंब्याच्या रसाचं खोकं आणि बिस्किटाचा पुडा. बाईंच्या पहिलीतली मुलं आली. सम्यक आला, माझगाव गोदीत क्रेन चालवतो, मिशा कानापर्यंत. त्याच्या मागून नर्स, कंडक्टर, बँकेतला कॅशियर, एक हवालदार, दोन आज्या झालेल्या मुली. वर्गच्या वर्ग लोटला होता. अनुजा बघतच राहिली. सम्यक त्या छोट्या लाल खुर्चीवर जमेल तसा टेकला, रसाच्या खोक्याला नळी लावली आणि म्हणाला, "थँक्यू, ताई."

बाईंनी जाईबाईंना चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मांडीवर ती भेट मिळालेली प्रत. उकडत होतं, म्हणून त्या तिनेच वारा घेत होत्या.

स्टेजवर लोखंडी चौकटीला झोपाळा टांगलेला. चारही साखळ्यांना झेंडूच्या जाड माळा गुंडाळलेल्या, त्यामुळे मोर काही दिसत नव्हते. दोन भाषणं झाली, हरवलेल्या काळाबद्दल. मग यतीनराव उठले. घरी येऊन गेलेल्या 'अहो बाई' त्या याच, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मला लोक विचारतात, ही कादंबरी किती खरी? मी आज सांगतो, शब्द न् शब्द खरा. जाई खरी, तिची चोरी खरी, आणि हा झोपाळा तर तुमच्या समोर आहे. बाबांच्या वेळेपासून त्याचा एक खिळासुद्धा आम्ही बदललेला नाही."

टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या, अगदी मनापासून. मी स्टेजच्या कडेला तक्ते घेऊन उभा होतो आणि मनात म्हणालो, मेल्या, तुझ्याच तोंडान तू मेलस.

बाई हातात लाकडी पट्टी घेऊन उभ्या राहिल्या. "मी म्हणेन, तुम्ही माझ्या मागून म्हणायचं. पहिलीत बसलोय असं समजा." लोक आधीच हसायला लागले होते.

"हे घर आहे."

सम्यक आणि मंडळींनी जुन्या सवयीने एका दमात म्हटलं, "हे घर आहे!" दुसऱ्या वाक्याला मागच्या रांगाही सामील झाल्या. पहिलीचा सूर असा असतो की एकाने धरला की दुसऱ्याला गप्प बसवत नाही. समीक्षकसुद्धा हेल काढून म्हणत होते.

"घरात झोपाळा आहे. झोपाळ्यावर मालक आहेत. मालक लिहितात. ही जाई आहे. जाई भांडी घासते. मालक बघतात. जाई कपडे धुते. मालक बघतात. जाई लादी पुसते. मालक बघतात. मालकांना दुसरे काम नाही."

हशाने छप्पर उडायची वेळ आली. यतीनरावही मान डोलावत होते. मी तक्ता बदलला. पुढच्या चित्रात मी दार काढलं होतं.

"घरात कोणी नाही. मालक दारात उभे आहेत. दार लहान आहे. मालक मोठे आहेत. जाई म्हणते, बाजूला व्हा."

हे वाक्य म्हणताना हसणं जरा ओसरलं. कादंबरीत जाई एकदाही बोलत नाही. चारशे पानं तिचे डोळे बोलतात, चाल बोलते, पदर बोलतो, तोंड कुठेच नाही. ज्यांनी कादंबरी खरोखर वाचली होती ते एकमेकांकडे बघायला लागले.

"मालक हलत नाहीत. जाई चिंचेचा कोळ ओतते. मालकांचा सदरा खराब झाला. जाई घरी गेली. जाई उद्या येत नाही. जाई परवा येत नाही. मालक चिडले. मालक झोपाळ्यावर बसले. मालक कादंबरी लिहितात."

लोकांनी म्हटलं, पण आता हळू. लाल-पिवळ्या खुर्च्यांतला आवाज मात्र तेवढाच मोठा होता.

"कादंबरीत जाई मोर चोरते. मोर परत आला नाही." बाईंनी पट्टी उचलली आणि झोपाळ्यापाशी गेल्या. "आता आपण मोजू या. कादंबरीत किती मोर उरले?"

"तीन!" समोरून आवाज आला.

बाईंनी पहिल्या साखळीची झेंडूची माळ सोडली. पट्टी मोरावर टेकवली. "एक," सगळे म्हणाले. दुसरी माळ सोडली. "दोन." तिसरी. "तीन." मग त्या वळसा घालून मागच्या साखळीकडे गेल्या, सावकाश माळ सोडली आणि पट्टी तिथे ठेवून थांबल्या. त्यांना काही म्हणावं लागलं नाही.

"चार," सभागृह म्हणालं. त्या शब्दाला कोणीच हेल काढला नाही.

यतीनराव ताडकन उठले. "अहो, हे काय चाललंय? कादंबरी आहे ती! कल्पनेचं—"

"वर्गात मधेच बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "हात वर करा."

आणि तो साठी उलटलेला सभ्य माणूस, हात अर्धा वर गेलेला, तसाच उभा राहिला. पहिली कोणालाच सुटत नाही.

"मघाशी शब्द न् शब्द खरा म्हणालात. एक खिळा बदलला नाही म्हणालात. बसा." मग बाई पुन्हा वर्गाकडे वळल्या. "आता स्वाध्याय. मी वाक्य सांगते, चूक की बरोबर ते सांगा. जाईने मोर चोरला."

"चूक!" असा आवाज उठला की झोपाळा हलल्यासारखा मला वाटला. तो काही नुसता छोट्या खुर्च्यांचा नव्हता. मागून, कडेने, बाल्कनीतूनही आला.

पट्टीनेच पहिल्या रांगेकडे दाखवत बाई म्हणाल्या, "ती माझी आई. जाईबाई गमरे."

सगळ्यांच्या माना वळल्या. नववीच्या वर्गात वळल्या होत्या तशाच, पण या वेळी जाईबाईंनी हनुवटी वर केली, तीळ दिसेल अशी. मग पुस्तकाने वारा घेणं थांबवलं आणि कानाला हात लावला.

"काय बोलली लोका? ऐकू न्हाय आला."

"चूक म्हणाले, आई."

"परत बोलायला सांग."

सभागृहाने परत म्हटलं. जाईबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मी सम्यककडे बघितलं, त्याच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि ते आंब्याचं नव्हतं. मला वाटलं, झालं, फिटलं आता. पण डूख ही गोष्ट लेकीला कुठून मिळाली होती ते मला तेव्हा कळलं. जाईबाईंनी डोळे उघडले आणि बोट यतीनरावांकडे केलं.

"राधे, आता त्येला एकट्याला."

बाई वर्गात म्हणायच्या त्याच सुरात म्हणाल्या, "यतीन, उभा राहा. जाईने मोर चोरला. चूक की बरोबर? आता एकट्याने."

यतीनरावांनी आधी स्टेजवरच्या वडिलांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं, मग चार मोरांकडे. शेवटी त्यांच्या शेजारी बसलेली अनुजाच हळू म्हणाली, "बाबा, म्हणा."

ते उठले. ओठ हलले. "चूक," ते म्हणाले. आवाज लहान होता, पण मी स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो आणि मलाही तो नीट ऐकू आला.

भिंतीपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या जाईबाईंनी पुन्हा कानाला हात लावला.

"न्हाय ऐकू आला," त्या म्हणाल्या.